स्टार वॉर्सचं कॅनन आणि रुक्मिणीचं माहेर : कथेतलं ‘खरं’ कोण ठरवतं?

एखाद्या जुन्या सायन्स फिक्शन मालिकेचा नवा भाग आला की समाजमाध्यमांवर एक वाद ठरलेला असतो. कुणीतरी लिहितं, ‘तिसऱ्या भागात तर हा मेला होता, मग आता जिवंत कसा?’ दुसरा म्हणतो, ‘तो भाग कॅननमध्ये धरतच नाहीत.’ तिसरा एका जुन्या कादंबरीतला दाखला काढतो आणि भांडण रात्रभर चालतं.

असाच एक वाद वऱ्हाडातही अधूनमधून रंगतो. श्रीकृष्णाने रुक्मिणीचं हरण नेमकं कुठून केलं? कौंडण्यपुरातून की अमरावतीच्या अंबादेवी मंदिरातून? आणि रुक्मिणी विदर्भाची की अरुणाचलची?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करूया. एक कथा कंपनीच्या मालकीचं मनोरंजन आहे, दुसरी लाखो लोकांची श्रद्धा. या दोघांची बरोबरी करता येत नाही. पण लांबलेल्या कथेत विसंगती आली की लोक काय करतात, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं. म्हणून आधी हे शब्द समजून घेऊया आणि मग वऱ्हाडात येऊया.

कॅनन, रेटकॉन, रीबूट म्हणजे काय?

कंटिन्युइटी म्हणजे कथेतल्या घटनांचा, वयांचा, ठिकाणांचा आपसातला मेळ. कॅनन म्हणजे त्या कथेतला ‘अधिकृत’ मानलेला भाग. हा शब्द मुळात चर्चने मान्य केलेल्या धर्मग्रंथांसाठी वापरला जायचा. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९११ मध्ये शेरलॉक होम्सच्या कथांवर धर्मग्रंथाच्या अभ्यासकाच्या थाटात एक गमतीदार निबंध वाचला. होम्सच्या चाहत्यांनी हा थाट उचलला आणि कॅनन हा शब्द कथा-कादंबऱ्यांसाठी रुळला.

होम्सच्या कथांमध्ये चाहत्यांना खाद्यही भरपूर होतं. डॉ. वॉटसनला युद्धात लागलेली गोळी १८८७ च्या पहिल्या कादंबरीत खांद्यात आहे, तर १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत पायात. लेखक कॉनन डॉयल विसरले, इतकं साधं उत्तर असू शकतं. चाहते मात्र सव्वाशे वर्षं त्याची कारणं शोधत आहेत.

नंतर लिहिलेल्या भागात जुन्या घटनेला नवा अर्थ देऊन मेळ बसवणं म्हणजे रेटकॉन. आणि जुना हिशेब बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करणं म्हणजे रीबूट. मराठीतलं उदाहरण भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं. पुस्तकांमधला फुरसुंगीचा बनेश फेणे कायम शाळकरी मुलगा आहे. २०१७ च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसणारा तरुण आहे आणि खुद्द भागवत त्यात एक पात्र म्हणून येतात.

सायन्स फिक्शनमधले तीन गाजलेले वाद

पहिला वाद स्टार ट्रेकमधला. १९६० च्या दशकातल्या मूळ मालिकेत क्लिंगॉन जमातीच्या लोकांचं कपाळ साधं होतं. १९७९ च्या चित्रपटात ते अचानक उंचवट्यांचं झालं. खरं कारण उघड आहे : मेकअपसाठी पैसे जास्त मिळाले. १९९६ च्या एका भागात या फरकाची थट्टा करून विषय टाळला गेला. शेवटी २००५ मध्ये दोन भाग खर्चून एक विषाणू आणि जनुकीय प्रयोग अशी गोष्ट रचण्यात आली.

दुसरा वाद डॉक्टर हूचा. १९६३ पासूनच्या या ब्रिटिश मालिकेत नायक मरणाच्या दारात गेला की नव्या रूपात येतो. १९७६ मध्ये या रूपांतराला १२ वेळांची मर्यादा घातली गेली. ती संपत आली तेव्हा २०१३ मध्ये नायकाला नवं आयुष्यचक्र मिळालं. २०२० मध्ये तर त्याच्या आठवणीतही नसलेले जन्म त्याच्या आधी होऊन गेले, असं दाखवलं. त्यावरून चाहत्यांमध्ये पडलेली फूट अजून मिटलेली नाही.

तिसरा वाद सर्वांत मोठा, स्टार वॉर्सचा. १९७७ च्या पहिल्या चित्रपटानंतर शेकडो कादंबऱ्या, कॉमिक्स आणि गेम आले. डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म कंपनी विकत घ्यायचा करार केला. एप्रिल २०१४ मध्ये लुकासफिल्मने जाहीर केलं, की चित्रपट आणि ‘क्लोन वॉर्स’सारख्या मोजक्या गोष्टीच कॅनन, बाकीचा जुना पसारा ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा. ज्यांनी वीस-वीस वर्षं ती पुस्तकं वाचली होती, त्यांच्या आवडत्या पात्रांचे संसार एका निवेदनात ‘न घडलेले’ ठरले.

हे निवेदन कुणी काढू शकलं, कारण कथेला मालक होता. मालकच नसेल तर काय होतं, ते वऱ्हाडात दिसतं.

रुक्मिणीहरण : एक कथा, अनेक ग्रंथ

कथेचा सांगाडा सगळीकडे एकच आहे. विदर्भाचा राजा भीष्मक, राजधानी कुंडिनपूर. मुलगी रुक्मिणीला श्रीकृष्ण हवा, भाऊ रुक्मीला शिशुपाल. लग्नाच्या आधी कृष्ण येतो आणि तिला घेऊन जातो.

तपशिलात मात्र फरक आहेत. विष्णुपुराणाच्या पाचव्या अंशात हरण अगदी थोडक्यात आहे, मंदिराचा उल्लेखच नाही. हरिवंशात रुक्मिणी रथात बसून इंद्राणीच्या पूजेला जाते. भागवताच्या दहाव्या स्कंधात ती कृष्णाला पत्र पाठवते, अंबिकेच्या दर्शनाला पायी जाते आणि परतताना हरण होतं. आज आपल्याला कीर्तनातून, चित्रांतून माहीत असलेली कथा मुख्यतः भागवताची आहे. अभ्यासक हा ग्रंथ हरिवंशानंतरचा मानतात.

म्हणजे ‘मूळ कथेत असं आहे’ असं कुणी म्हणालं, तर पहिला प्रश्न हाच : कोणत्या ग्रंथात?

कौंडण्यपूर की अंबादेवी?

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. हेच भीष्मकाचं कुंडिनपूर, अशी परंपरा आहे. तिथल्या अंबिका मंदिरातून हरण झालं, असं गावकरी सांगतात. अमरावती शहरात अंबादेवीच्या मंदिराबद्दलही हेच सांगितलं जातं. दोन्ही ठिकाणांत चाळीसेक किलोमीटरचं अंतर आहे.

इथे कंटिन्युइटीची अडचण येते. भागवतातली रुक्मिणी पायी निघते आणि मंदिर नगराबाहेर आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी चाळीस किलोमीटर चालत जाईल का? हरिवंशातला रथ धरला तर प्रवास जमेल, पण मग देवी अंबिका नाही, इंद्राणी आहे.

लोकपरंपरेने यावर स्वतःचं उत्तर काढलं आहे : अंबादेवीच्या मंदिरातून कौंडण्यपूरपर्यंत भुयार होतं. स्टार ट्रेकच्या लेखकांनी विषाणू आणला, वऱ्हाडाने भुयार. फरक एवढाच, की भुयाराची गोष्ट कुणा एका लेखकाने लिहिलेली नाही. दोन्ही देवस्थानांचा मान राहावा म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. नवरात्रात अंबादेवीच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही कौंडण्यपूर खोटं ठरवायचं नसतं.

अरुणाचलचा दावा काय आहे?

अरुणाचल प्रदेशात रोइंगजवळ भीष्मकनगर नावाच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथल्या इदू मिश्मी समाजात रुक्मिणी आपली, अशी परंपरा आहे. या समाजाची केस कापण्याची खास पद्धत रुक्मीच्या पराभवाशी जोडली जाते. भागवतात कृष्ण रुक्मीला ठार न मारता त्याचे केस-दाढी विद्रूप कापतो, त्या प्रसंगाची ही आठवण, असं सांगितलं जातं. शेजारच्या आसामात शंकरदेवांनी रुक्मिणीहरणावर काव्य आणि नाटक लिहिलं, त्यामुळे ही कथा त्या भागात खोल रुजलेली आहे.

गुजरातेत पोरबंदरजवळच्या माधवपूरला कृष्ण-रुक्मिणीचं लग्न झालं, अशी तिथली श्रद्धा. २०१८ पासून तिथल्या जत्रेत ईशान्येकडची पथकं सरकारी पुढाकाराने सहभागी होऊ लागली आणि अरुणाचलचा दावा देशभर पोचला. तेव्हापासून विदर्भात ‘आमची रुक्मिणी पळवली’ अशा पोस्ट दिसतात. भावना समजण्यासारखी आहे. कौंडण्यपुरातून आषाढीला पंढरपूरला पालखी जाते, ती रुक्मिणीच्या माहेरची पालखी म्हणूनच. तिची परंपरा चारशेहून अधिक वर्षांची सांगतात. माहेरच दुसरीकडे गेलं तर पालखी कुणाची?

ग्रंथ आणि ताम्रपट काय सांगतात?

ग्रंथांपुरतं बोलायचं तर उत्तर अवघड नाही. ते विदर्भ हेच नाव घेतात. भागवतानुसार कृष्ण वेगवान घोड्यांच्या रथातून एका रात्रीत आनर्तातून, म्हणजे आजच्या गुजरातच्या भागातून, विदर्भात पोचतो. महाभारताच्या सभापर्वात भीष्मक आणि रुक्मी भेटतात ते सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात, पूर्वेकडच्या मोहिमेत नव्हे.

आणखी एक धागा आहे. हरलेला रुक्मी कुंडिनपुरात परतला नाही, त्याने भोजकट नावाचं नगर वसवलं, असं ग्रंथ सांगतात. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट सापडला. त्यात दान दिलेलं गाव भोजकट राज्यात असल्याचं नोंदवलेलं आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी आजच्या अमरावती जिल्ह्याचा काही भाग भोजकट या नावाने ओळखला जात होता. भातकुली म्हणजेच भोजकट, असंही मानलं जातं.

कौंडण्यपुरात १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि प्राचीन वस्तीचे अवशेष मिळाले. भीष्मकनगरचे अवशेष मध्ययुगातले मानले जातात.

पण इथे एक सावधगिरी हवी. ताम्रपटातून भोजकट हे नाव किती जुनं, ते कळतं. उत्खननातून वस्ती किती जुनी, ते कळतं. रुक्मिणी तिथे राहत होती, हे यातलं काहीच सिद्ध करत नाही. दोन्ही बाजूंच्या पोस्टमध्ये हीच उडी सर्वांत जास्त मारली जाते.

मराठीने या कथेचं काय केलं?

रेटकॉनपेक्षा वेगळा रस्ता पाहायचा असेल तर अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरला जायला हवं. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदाइसेने रुक्मिणीच्या लग्नावर ‘धवळे’ म्हणजे लग्नगीतं इथेच रचली. तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. त्याच पंथातल्या नरेंद्र कवीने ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिलं. पुढे १५७१ मध्ये एकनाथांनी त्याच नावाचा ग्रंथ काशीत पूर्ण केला. लग्न जुळावं म्हणून आजही अनेक घरांत मुली त्याचं पारायण करतात.

नाव पाहा : स्वयंवर. भागवतात भरसभेतलं स्वयंवर नाही, हरण आहे. मराठी कवींनी मुलीने स्वतः वर निवडला, यावर बोट ठेवलं आणि प्रसंगाचं नावच बदललं. पण नव्या ग्रंथाने जुना रद्द केला नाही. धवळेही राहिले, नरेंद्रही राहिला, एकनाथही राहिले.

मग पोस्ट आली तर काय विचारायचं?

‘खरी रुक्मिणी कुठली’ किंवा ‘खरं हरण कुठून’ अशी पोस्ट समोर आली, तर तीन प्रश्न वेगळे करा.

एक, हे कोणत्या ग्रंथात आहे? त्याचं उत्तर पुस्तक उघडून मिळतं.

दोन, ही परंपरा कोणाची आहे? कौंडण्यपूरची पालखी, अंबादेवीचं नवरात्र, इदू मिश्मींची आठवण, या सगळ्या परंपरा म्हणून खऱ्या आहेत. एक असल्याने दुसरी खोटी ठरत नाही.

तीन, याला शिलालेख, ताम्रपट, उत्खनन यांचा पुरावा आहे का, आणि तो नेमकं काय सांगतो?

बहुतेक भांडणं पहिल्या प्रश्नाला तिसऱ्याचं उत्तर दिल्याने किंवा दुसऱ्यासाठी पहिल्याचा पुरावा मागितल्याने होतात.

स्टार वॉर्समध्ये काय खरं, हे लुकासफिल्म ठरवते. चाहत्यांना पटो न पटो, तिथे शेवटचा शब्द असतो. रुक्मिणीच्या कथेवर असा शिक्का मारणारं कार्यालय नाही. म्हणूनच ती अमरावतीपासून अरुणाचलपर्यंत प्रत्येकाला आपल्या घरची वाटू शकली.