थेम्स: ओहोटीला गेलेलं भरतीला परत येतं

नदी म्हणजे एका दिशेने वाहणारं पाणी, असं आपण शाळेत शिकतो. लंडनमधली थेम्स तशी वागत नाही. आणि तिच्या इतिहासातल्या बऱ्याचशा भानगडी या एका भौगोलिक गोष्टीमुळे झाल्या, असं माझं मत आहे.

कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत केंबल गावाजवळ ती उगम पावते आणि ऑक्सफर्ड, रेडिंग, विंडसर करत पूर्वेकडे जाते. लांबी ३४६ किलोमीटर. (सेव्हर्न थोडी जास्त लांब, पण तिचा उगम वेल्समध्ये. त्यामुळे पूर्णपणे इंग्लंडमधली सर्वांत लांब नदी थेम्सच.) टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत सगळं सरळ आहे. त्याच्या खाली मात्र समुद्राची भरती-ओहोटी चालते, आणि लंडन शहर वसलंय ते याच भागात. ठाण्याची खाडी पाहिली असेल तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. ओहोटीला जे वाहून जातं, त्यातलं बरंचसं भरतीला परत येतं. कमी पावसाच्या उन्हाळ्यात तर शहराजवळचं पाणी समुद्राला मिळायला कित्येक आठवडे लागतात.

आता यात मैला सोडा. १८१५ पर्यंत घरचा मैला गटारात सोडायला परवानगी नव्हती; तो घराखालच्या टाकीत साठायचा आणि उपसून शेतावर जायचा. मग परवानगी मिळाली, पाठोपाठ फ्लशचे संडास आले, आणि सगळं नदीत जायला लागलं. पिण्याचं पाणीही बऱ्याच जणांना तिथूनच मिळायचं!

१८५४ च्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांनी जे केलं, ते मला त्यांच्या प्रसिद्ध हातपंपाच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडतं. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी बॅटर्सीला, म्हणजे भरतीच्या टप्प्यात पाणी उचलायची. दुसरीने दोनच वर्षांपूर्वी आपला उपसा टेडिंग्टनच्या वर नेला होता. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिलीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू झाले, दुसरीच्या ३७. वस्ती तीच, हवा तीच. तरीही ‘रोग दुर्गंधीयुक्त हवेतून येतो’ हे मत लगेच काही हटलं नाही.

गंमत म्हणजे कामाला लावलं ते त्या चुकीच्या मतानेच. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला इतका वास सुटला की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवावे लागले. ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने नदीला समांतर मोठी भुयारी गटारं बांधली, सुमारे १३२ किलोमीटर. शहरातला कॉलरा त्यानंतर संपला, हे श्रेय त्यांचंच. पण मैल्यावर प्रक्रिया नव्हती. तो बेक्टन आणि क्रॉसनेसला, लंडन ब्रिजच्या सुमारे वीस किलोमीटर खाली, साठवून ओहोटी लागली की सोडायचे. म्हणजे अजून भरतीच्याच टप्प्यात.

३ सप्टेंबर १८७८ ला ‘प्रिन्सेस अॅलिस’ ही सहलीची बोट तिथेच दुसऱ्या जहाजाशी धडकून बुडाली. मैला थोड्याच वेळापूर्वी सोडलेला होता. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर कुठे गाळ वेगळा करून जहाजाने समुद्रात टाकायला सुरुवात झाली (१८८७ पासून थेट १९९८ पर्यंत!); उरलेलं पाणी मात्र नदीतच.

आता थोडं रसायनशास्त्र. मैला खाणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. २० अंशाच्या गोड्या पाण्यात तो लिटरला जेमतेम ९ मिलिग्रॅम असतो. तो संपला की दुसरे जीवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास, तयार होतो. सल्फेट कोण आणतं? भरतीच. महायुद्धातल्या बॉम्बफेकीत शुद्धीकरण यंत्रणेचं नुकसान झालं, लोकसंख्या आणि कारखाने वाढलेलेच होते. १९५७ च्या सुमारास क्यू ते ग्रेव्ह्जएंड या पट्ट्यात मासे जवळपास उरलेच नव्हते.

पुढे शुद्धीकरण सुधारलं आणि १९७४ मध्ये सुमारे १४० वर्षांनी पहिला सामन मासा सापडला. तरी बॅझलजेटच्या गटारांत मैला आणि पावसाचं पाणी एकत्रच वाहतं, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की ती नदीत ओसंडायची. अशा वेळी पाण्यात ऑक्सिजन सोडणारी खास बोट फिरवावी लागायची, अगदी आयसीयूतल्यासारखी. आता नदीखालून २५ किलोमीटरचा बोगदा काढलाय. २०२५ मध्ये तो पूर्णपणे जोडला गेला. त्यातला मैला जातो कुठे? बेक्टनलाच. फक्त आता नदीत सोडण्याआधी तो शुद्ध करतात.