दोन 'रोड' आणि एक तारपा

पश्चिम रेल्वेवर 'रोड' ह्या शब्दानें संपणारीं दोन स्टेशनें अशीं आहेत कीं, त्यांच्या नांवांतील साम्य केवळ वरवरचें आहे. ग्रँट रोड हें नांव एका खऱ्याखुऱ्या रस्त्याचें. १८३५ पासून १८३८ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले सर रॉबर्ट ग्रँट यांचें नांव त्या रस्त्यास पडलें आणि रस्त्याचें स्टेशनास. डहाणू रोडमधील 'रोड' मात्र रेल्वेच्या परिभाषेंतला आहे. गांव येथें नाहीं, गांवाकडे जाणारी वाट येथून फुटते, एवढाच त्याचा मूळ अर्थ. जुनें डहाणू समुद्राच्या अंगास, किल्ल्याच्या आश्रयानें वसलेलें बंदर. १७३९ च्या आरंभीं चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत तो किल्ला फिरंग्यांकडून मराठ्यांकडे आला. किल्ला आणि बंदर तिकडे राहिलें, रूळ पूर्वेकडून गेले, आणि आज बाजारपेठ रुळांच्या भोंवतीं भरते.

हे रूळ १८६४ सालीं पुरे झाले. बी. बी. अँड सी. आय. कंपनीची सुरतेकडील गाडी त्या वर्षीं प्रथम मुंबईस येऊन थांबली, ती ग्रँट रोडास. त्या ठिकाणीं नाट्यगृह स्टेशनाच्या आधींचें होतें. जगन्नाथ शंकरशेट यांच्या साहाय्यानें उभें राहिलेलें ग्रँट रोड थिएटर १८४६ पासून चालू होतें, आणि १८५३ मध्यें सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनीं आपलीं आख्यानें तेथें करून दाखविलीं होतीं. सूत्रधाराच्या पदांवर चालणारें तें नाटक म्हणजे अर्धें गायनच. पुढें पारशी मंडळ्यांनीं त्याच परिसरांत आपलीं नाट्यगृहें उभारलीं. स्टेशन आणि गाण्याची जागा यांची संगत मुंबईकराच्या मनांत अशी पहिल्यापासून जडलेली आहे. गाडींतून उतरावें, तिकीट काढावें, खुर्चीवर बसावें आणि ऐकावें, ही रसिकतेची एक रीत होऊन बसली.

१८६७ मध्यें विरारहून सकाळीं निघणारी व सायंकाळीं परतणारी गाडी सुरू झाली. तीच उपनगरी गाड्यांची आद्यजननी. विजेची गाडी विरारास १९३६ त पोंचली. तेथून डहाणू रोड अवघें ६४ किलोमीटर. परंतु हें अंतर तोडण्यास लोकलला २०१३ साल उजाडावें लागलें. मधल्या सत्याहत्तर वर्षांत डहाणूच्या चाकरमान्यानें शटल व पॅसेंजर गाड्यांवर आयुष्य काढलें, हें येथील जुन्या प्रवाशांस सांगावयास नकोच.

आतां दुसऱ्या 'रोड'च्या गाण्याकडे वळूं. डहाणू-तलासरींतील वारल्यांचें मुख्य वाद्य तारपा. वाळलेला दुध्या भोपळा, त्यांत बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढें ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा. सांधे मेणानें बुजविलेले. विकत आणावी अशी वस्तु त्यांत एकहि नाहीं. वाजविणारा नाकानें श्वास घेत गालांतला वारा सोडीत राहतो, म्हणून सूर खंडत नाहीं. नाचणारे एकमेकांच्या कमरेस हात घालून त्याच्या भोंवतीं फिरतात आणि तो चाल बदलील त्याप्रमाणें पाऊल बदलतात. नाट्यगृहास समोर असतें आणि मागें असतें. तारप्यास तें नाहीं. जो आला तो फेरांत शिरला. ह्या संगीतास श्रोता नाहीं म्हटलें तर तें अक्षरशः खरें आहे.

तारप्याचा हंगाम पाऊस सरतां सरतां, भात पिकूं लागलें म्हणजे येतो. नेमका हाच हंगाम गवतकापणीचा. मुंबईच्या तबेल्यांस लागणारें गवत ह्याच टापूंतून जात असे. तें कापणारा वारली बहुधा जमीनदाराचा वेठबिगार असे. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं जन्मभर राबणाऱ्या 'लग्नगड्या'चें वर्णन सिमिंग्टन ह्या सरकारी अधिकाऱ्याच्या १९३९ च्या अहवालांत आहे. आमच्या इतिहासग्रंथांत रेल्वे म्हणजे प्रगति असें एक समीकरण असतें. मींहि तें वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. जंगलाचें लांकूड आणि डोंगराचें गवत मुंबईस पोंचविणारी गाडी वारल्याकडे काय घेऊन परतली, हा प्रश्न मला फार उशिरां सुचला.

१९४५ च्या मे महिन्यांत तलासरीजवळच्या झरी गांवीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठ नाकारण्याचें ठरलें. पाऊस संपतांच पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत ह्या मागणीवर संप झाला. ऑक्टोबरांत, गोदावरीबाई येणार अशा खोट्या वार्तेनें तलवाड्यास हजारों माणसें जमलीं. पोलिसांनीं गोळीबार केला आणि पांच वारली ठार झाले. ज्या दिवसांत पाड्यापाड्यांवर तारपा निघावयाचा, त्याच दिवसांतली ही गोष्ट आहे. चळवळ मात्र मोडली नाहीं, वेठबिगारी मोडली. गोदावरीबाईंचें 'जेव्हा माणूस जागा होतो' हें पुस्तक आमच्या घरोघरीं आहे. तें हातीं घेतांना हा ऋतु कोणता होता, इकडे वाचकाचें लक्ष क्वचितच जातें.

पुढें तारपा मुंबईस गेला. त्याच्या अगोदर त्याचें चित्र गेलें. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनीं, पूर्वीं लग्नाच्या चौकापुरती व स्त्रियांच्याच हातची असलेली कला कागदावर आणली. २०११ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ त ते वारले. तारप्याभोंवतीं सर्पाच्या वेटोळ्याप्रमाणें फिरणारी माणसांची रांग आज जगभर ओळखीची आहे. चित्रांत फेर शाबूत राहिला, कारण चित्रकारास समोर-मागें पाळावें लागत नाहीं.

रंगमंचावर तसें घडत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मुंबईंतील एका सभागृहांत मी तारपा पाहावयास गेलों होतों. संयोजकांनीं वादकास प्रेक्षकांकडे तोंड करून एका जागीं उभें केलें, ध्वनिक्षेपक कर्ण्यापुढें धरला आणि नाचणारांस मागें अर्धवर्तुळांत ठेवलें. अर्धें वर्तुळ वादकाच्या दृष्टीबाहेर गेलें. त्याची चाल बदले, पण पाऊल बदलण्यास विलंब होई. पहिल्या रांगेंत बसलेल्या आम्हां विद्वानांस तो दोष नाचणारांचा वाटला. मानधन मिळालें, टाळ्या झाल्या, ह्यांत वाईट कांहीं नाहीं. वादकाच्या घरीं त्या पैशाची गरज होतीच. त्याला गांवींच राहावयास सांगणारा मी कोण?

परततांना त्याच मंडळींची गांठ डहाणूच्या लोकलमध्यें पडली. ताडपानांचा कर्णा चुरगळेल म्हणून फळीवर ठेवतां येईना. वादकानें तो विरारपर्यंत उभ्यानें हातांत धरला. विरारास गर्दी ओसरली. तेव्हां तो बसला, भोपळा मांडीवर घेतला आणि अंगठ्यानें सांध्यावरचें मेण दाबून पाहूं लागला. एक सांधा सुटला होता. सोबतच्या मुलीनें पदराच्या गांठींतून मेणाचा खडा काढून त्याच्या हातीं दिला.