वळणावरचा दाह

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला लोटलेल्या गर्दीत, चढावर मध्येच छातीवर हात ठेवून टेकलेलं एखादं वयस्कर माणूस दिसतंच. विचारलं तर म्हणतात, ‘काही नाही, जरा दम लागलाय.’ हे पुस्तक लिहिताना तो टेकलेला माणूस सतत माझ्या डोळ्यांसमोर होता.

हृदयाच्या धमनीत चरबी साचते नि नळ तुंबतो, असं आपण ऐकत आलो. तेवढ्याने भागत नाही. पावसाळ्यात इथल्या धबधब्याखाली थोडा वेळ थांबून पाहा. धार सरळ घसरते तिथला खडक लखलखीत. पाणी वळून घुटमळतं त्या कोपऱ्यात फेस, पानं, गाळ गोल फिरत राहतो. धमनीला फाटा फुटतो तिथेही रक्ताचा प्रवाह असाच घोटाळतो आणि आतलं नाजूक अस्तर चिडतं. पांढऱ्या पेशी त्याला चिकटतात, आत शिरतात, कोलेस्टेरॉल गिळून फुगतात. हाच दाह. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, १०,००० हून अधिक रुग्णांवरच्या कॅन्टोस चाचणीत कोलेस्टेरॉल न घटवता नुसता दाह कमी केला, तरी हृदयविकाराचे झटके कमी झाले.

या दाहाला आवर घालणाऱ्यांत, आणि चेतवणाऱ्यांतही, मायक्रोआरएनए आहेत. जेमतेम २२ अक्षरांचे हे तुकडे जनुकाकडून निघालेला निरोप वाटेतच अडवतात. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ साली ते एक मिलिमीटरच्या कृमीत दाखवले. नोबेल मिळालं २०२४ साली. त्यांपैकी मिर-१२६ अस्तरावर पांढऱ्या पेशींना धरणारे आकडे फारसे उगवू देत नाही. प्रवाह घोटाळला की मिर-९२ए वाढतो नि अस्तराला शांत ठेवणारं केएलएफ२ हे प्रथिन दाबतो. मिर-१५५चं मात्र एका वाक्यात सांगता येत नाही. तो काढून टाकल्यावर उंदरांच्या धमनीतला आजार एका प्रयोगात घटला, दुसऱ्यात वाढला. मला या विषयाची ओढ लागली ती इथेच. तोच रेणू पेशीप्रमाणे नि आजाराच्या टप्प्याप्रमाणे वेगळा वागतो. म्हणून मिर-१५५वरचं प्रकरण मी सर्वांत मोठं ठेवलं आहे.

जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं असलं तरी बिचकू नका, पहिलं प्रकरण तुमच्यासाठीच आहे. मात्र चढताना छाती भरून येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या; वाचन मागाहून होईल.