सही न करणारा छत्रपती

साताऱ्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात प्रतापसिंह महाराजांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास यायचं : "महाराजांनी सही केली नाही." आमचे आजोबा रात्रीची जेवणं उरकल्यावर ओसरीवर गोष्टी सांगत. प्रतापगडाची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चढायचा. ही गोष्ट मात्र ते सावकाश सांगत, एकेक मुद्दा आमच्या गळी उतरेपर्यंत. त्यांनी ती त्यांच्या आजोबांकडून ऐकली होती.

१८१९च्या तहाने इंग्रजांनी महाराजांना साताऱ्याचं राज्य दिलं. महाराजांनी शाळा काढली, छापखाना आणला, रस्ते बांधले. पुढे जहागीरदारांवर हक्क कुणाचा, यावरून मुंबई सरकारशी बिनसलं आणि आरोप सुरू झाले : पलटणीतले शिपाई फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधलं. महाराजांचे दिवाण गोविंदराव यांच्या आईच्या नावाने सरकारात महाराजांना गोवणारा एक अर्ज गेला होता. तो त्या माउलीने केलेलाच नव्हता. "कागदाने घात केला," आजोबा म्हणत.

ऑगस्ट १८३९मध्ये मुंबईचे गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्यात आले. महाराजांपुढे एक कागद ठेवला गेला. तह मोडल्याचं मान्य करायचं, यापुढे तो काटेकोर पाळायचा, बळवंतराव चिटणिसांना दरबारातून काढायचं. एवढ्यावर गादी शाबूत राहणार होती. महाराजांनी नकार दिला. न केलेला गुन्हा कबूल करून राखलेलं राज्य त्यांना नको होतं. ५ सप्टेंबरला त्यांना पदच्युत करून धाकट्या भावाला, अप्पासाहेबांना, गादीवर बसवलं. महाराजांनी तलवार उपसली नाही. त्यांची रवानगी काशीला झाली. वाटेत चुलतभाऊ बाळासाहेब सेनापती वारले.

काशीहून मग पत्रं निघू लागली. गव्हर्नर जनरल हार्डिंजना लिहिलेलं पत्र तर पुढे लंडनमध्ये छापलं गेलं. या पत्रव्यवहारात दयेची याचना नाही. माझ्यावर आरोप काय ते सांगा, पुराव्याच्या नकला द्या, निष्पक्ष चौकशी करा, हे मागणं पुन्हापुन्हा येतं. सगळं गमावलेला राजा खजिन्याआधी न्याय मागतो, हे मला फार मोठं वाटतं. तेच गाऱ्हाणं घेऊन महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि जवळपास चौदा वर्षं हालअपेष्टा सोसत तिथे लढले. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत वाद झडले. एकेकाळी साताऱ्याचे रेसिडेंट असलेले जनरल लॉडविकही महाराजांच्या बाजूने उभे राहिले. तरी निष्पक्ष चौकशी झाली नाही. १८४७मध्ये महाराज काशीतच वारले. पुढच्याच वर्षी अप्पासाहेबांचंही निधन झालं आणि दत्तक नामंजूर करून गव्हर्नर जनरल डलहौसीने सातारा खालसा केला.

इथून पुढचं आजी सांगायची. सत्तावनच्या उठावाच्या वेळी रंगो बापूजींच्या मुलाला, सीतारामला, इतरांबरोबर जिथे देहदंड झाला, तो गेंडामाळ ओलांडताना ती पदर सावरून हात जोडायची. रंगो बापूजी कुठे गेले, हे कुणालाच कळलं नाही.

तेव्हा मला वाटायचं, ही हरलेल्यांची गोष्ट आहे. मग आजोबा ती अभिमानाने का सांगतात? आज उमगतं. आपण इतिहासात लढाया मोजतो. पण आरोप करणाऱ्याने पुरावा दाखवावा, आरोपीचं ऐकून घ्यावं आणि मगच निवाडा करावा, ही मागणी एका मराठी राजाने साम्राज्यापुढे लेखी मांडली आणि मरेपर्यंत सोडली नाही. हा हट्टही छत्रपतींचाच वारसा आहे. गडकोटांइतक्याच निष्ठेने तो आपण मुलांना सांगितला पाहिजे, कारण सुनावणीवाचून शिक्षा सुनावण्याचा मोह कुठल्याच सत्तेला सुटलेला नाही.