जोर

जोर (दंड) : तळहात व चवडे जमिनीला टेकवून, अंग कमानीतून पुढे झोकत काढायचा व्यायाम. साधन लागत नाही. तालमीत तो बैठकांच्या जोडीने येतो, म्हणून ‘जोर-बैठका’ हा जोडशब्द. ‘जोर’ म्हणजे बळ, शब्द फार्सी. इराणातल्या आखाड्याला ‘जोरखाना’ म्हणतात. तिथे बुटक्या फळीवर हात टेकून असाच व्यायाम करतात, पण त्याचे नाव ‘शना’, म्हणजे पोहणे. जोर काढणाऱ्याला एकदा बाजूने पाहावे, ‘शना’ हे नाव लगेच पटते.

कृती : हात खांद्यांएवढ्या अंतरावर, पाय थोडे फाकलेले, कंबर छपराच्या आढ्यासारखी वर. कोपरे वाकवत आधी डोके, मग छाती दोन्ही हातांमधून जमिनीलगत पुढे सरकवायची, छाती-मान वर काढून हात ताठ करायचे आणि कंबर मागे उचलत मूळ जागी यायचे. श्वास कोंडू नये.

पुशअप आणि जोर एक नव्हेत. पुशअपमध्ये अंग डोक्यापासून टाचेपर्यंत फळीसारखे ताठ राहते व नुसते वरखाली होते. त्यात हातांवर, ते सरळ असताना, वजनाच्या सुमारे ६९ टक्के भार येतो. खाली गेल्यावर ७५ टक्के. म्हणजे ७० किलोच्या माणसाला तळाशी बावन्न-त्रेपन्न किलो. गुडघे टेकले तर हेच प्रमाण सुमारे ५४ व ६२ टक्के. जोरात भार एका जागी ठरत नाही; कंबर वर असताना तो पायांकडे असतो, झोकाबरोबर खांद्यांवर येतो. छाती, खांदे व दंडाच्या मागचे स्नायू दोन्हींत राबतात. जोरात शिवाय पाठीचा कणा वाकतो, मांडीची मागची बाजू ताणली जाते. सूर्यनमस्कारातले अष्टांग, भुजंगासन, पर्वतासन ओळीने केले की सावकाश काढलेला जोरच होतो. इंग्रजीत याला ‘हिंदू पुशअप’ म्हणतात. जोरखान्यातल्या इराण्याला हे ऐकून हसू येईल.

जोर ढकलण्याची ताकद देतो, ओढण्याची नाही. ती उणीव तालमीत मल्लखांब व दोर भरून काढतात.

गामा पहिलवानाच्या नावावर रोजचे हजारो जोर सांगितले जातात. असे आकडे तालमीच्या कट्ट्यावरच ठेवावेत. नवशिक्याने दहा नीट काढावेत. अकराव्याला कंबर लोंबली, तर तो मोजू नये.