पर्सेंटाइल तेच, भाव वेगळा

२०१५ साली मी महाराष्ट्र बोर्डातून बारावी झालो. तेव्हा जेईई मेनच्या रँकमध्ये ६० टक्के वजन जेईईच्या गुणांना आणि ४० टक्के बारावीला होतं. मग आमची बारावी अवघड की सीबीएसईची? घरी यावर तावातावाने चर्चा व्हायची. उत्तर एका सूत्रात होतं, ते मात्र आम्ही कुणी वाचलं नव्हतं. मी ते वाचलं इंजिनियर होऊन नोकरीला लागल्यावर.

प्रश्न तसा जुनाच आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत काही नामवंत शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठं त्याच्याशी झगडत होती. हुशार मुलं शाळेत शिकलेलंच कॉलेजात पुन्हा शिकत होती. पण शाळेतला वरच्या पातळीचा अभ्यासक्रम खरंच तेवढा वरचा आहे, हे कॉलेजाने कसं मानायचं? 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट'ने यावर सरळ तोडगा काढला. १९५६पासून त्याच अभ्यासक्रमावर सगळ्या शाळांची एकच परीक्षा सुरू झाली, गुण १ ते ५.

आपल्याकडे २०१३ ते २०१६ या काळात वेगळी वाट धरली गेली. हेतू चांगला होता: क्लासच्या नादात मुलांनी बारावी वाऱ्यावर सोडू नये. पण बारावीच्या परीक्षा बोर्डागणिक वेगळ्या. म्हणून आधी तुमचं बोर्डातलं पर्सेंटाइल काढायचं. मग त्या पर्सेंटाइलला देशभरात जेईईचे किती गुण पडतात ते बघायचं, आणि तुमच्याच बोर्डाच्या मुलांमध्ये किती पडतात तेही. दोन्हींची सरासरी म्हणजे तुमची 'बारावी'.

समजा, ९५ पर्सेंटाइलला देशात १२० गुण आहेत, एका बोर्डात १५० आणि दुसऱ्यात ११०. पहिल्या बोर्डातल्या मुलाची बारावी १३५ची, दुसऱ्यातल्याची ११५ची. ४० टक्के वजनाने फरक ८ गुणांचा. दोघंही आपापल्या बोर्डात तितकेच पुढे, तरीही.

म्हणजे बारावीचा पेपर किती अवघड होता हे कुणी तपासलंच नाही. तपासलं गेलं ते त्या बोर्डाची मुलं दुसऱ्याच एका परीक्षेत काय करतात, हे. आणि २०१४ व २०१५ साली महाराष्ट्राने राज्यातल्या इंजिनियरिंग प्रवेशासाठीही जेईई मेनच लावली होती. त्यामुळे आयआयटी-एनआयटीचा विचारही न केलेली, सीईटीच्या बेताने अभ्यास केलेली असंख्य मुलं त्या परीक्षेला बसली. अशी गर्दी वाढली की बोर्डाचा आकडा खाली येणार, हे सूत्रातच आहे. पेपर तोच, अभ्यासक्रम तोच. शेजारच्या बाकावर कोण बसलं, त्यावर माझ्या बारावीचा भाव ठरला.

२०१७पासून रँकमधलं बारावीचं वजन काढून टाकण्यात आलं. उरली फक्त पात्रतेची अट. सूत्र लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. कामावर मीही अशी सूत्रं लिहितो. जे मोजता येत नाही, त्याच्या जवळचं काहीतरी मोजतो. फक्त आता लिहून झाल्यावर एकदा विचारतो: या आकड्यात त्या माणसाचं स्वतःचं किती, आणि त्याच्या शेजाऱ्यांचं किती?