गोव्यातील बंद लोहखाणी : मृदा व जलप्रदूषण

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे व केपे तालुक्यांतल्या बंद पडलेल्या लोह व मँगनीज खाणींचे खड्डे आणि टाकाऊ मातीचे ढिगारे यांमुळे परिसरातील जमीन व पाणी दूषित होते. एक टन खनिजामागे येथे साधारण अडीच ते तीन टन माती-मुरूम काढावा लागतो. भाडेपट्ट्यांचे क्षेत्र लहान असल्याने तो लगतच्या उतारांवर, पुष्कळदा ओहोळांच्या तोंडाशीच रचला गेला.

सल्फाइडयुक्त धातुकांच्या खाणींतून आम्लधर्मी पाणी पाझरते. गोव्यातील खनिज मुख्यतः ऑक्साइडरूप असल्याने तो प्रकार येथे गौण. खरा प्रश्न गाळाचा आहे. सुमारे ३,००० मिमी. पाऊस बहुतांशी चार महिन्यांत कोसळतो व ढिगाऱ्यांवरची बारीक लाल माती भातशेतीत, पुढे मांडवी-जुवारीच्या पात्रांत उतरते. वाळल्यावर तिचा घट्ट पापुद्रा धरतो. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू संपला की लोहाचे क्षपण होऊन ते विरघळते. रोपाने ते जास्त शोषल्यास पाने तांबूस पडतात व उत्पन्न घटते. गाळ खरवडावा तर खालची कसदार मातीही त्याबरोबर जाते. हे नुकसान एका हंगामाच्या भरपाईत मावणारे नाही.

भूजलाचे येथे दोन थर आहेत : वरचा जांभ्यात, खालचा भुकटीसारख्या लोहखनिजात, मध्ये चिकणमाती. त्यामुळे खोलवरचे खनिज काढणे म्हणजे जलधर थरच उचलून नेणे होय. उपसा चालू असताना आसपासच्या विहिरी आटतात. खाण बंद झाल्यावर खड्डा पाण्याने भरतो, परंतु तो थर परत येत नाही. काही खड्ड्यांतील पाणी शेतीला व उन्हाळ्यात पाणीपुरवठ्यालाही वापरले गेले आहे; त्यासाठी त्याची नियमित तपासणी अत्यावश्यक ठरते.

सांगे तालुक्यातील साळावली जलाशयातील मँगनीजवाढीचे एक कारण पाणलोटातील खाणी हे मानले जाते. तळाच्या प्राणवायूहीन पाण्यात मँगनीज विरघळते आणि हवेशी संबंध येताच काळपट साका धरते.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने व ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखाणकाम थांबवले. न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. लिलावांनंतर काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत. जुन्या ढिगाऱ्यांच्या जबाबदारीबाबत मतभेद आहेत.

माती धरून ठेवण्यासाठी ढिगाऱ्यांवर मुख्यतः ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुरू व काजू लावले आहेत.